राजगड-तोरणा पळत आणि दीड महिन्यात हंपी: एकाच थंडीत दोन्ही झेपेल का?

धायरीचा_फिटर:

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण हात-पाय एकाच माणसाचे असल्यामुळे एकाच धाग्यात विचारतो.

वय ४१. एका टूलरूममध्ये फिटर आहे. जनरल शिफ्ट, सुट्टी गुरुवारी. त्यामुळे तुम्ही सगळे रविवारी गडावर असता तेव्हा मी व्हाइसला जॉब लावून कानस मारत असतो, आणि मी जातो तेव्हा गडावर माकडं आणि मी. सिंहगड घराजवळ. पाच वर्षं झाली, दर गुरुवारी आतकरवाडीतून वर. आधी चालत जायचो, मग चढावर चालत आणि सपाटीला पळत, आता वर ४२ मिनिटं आणि खाली २५. क्लाइंबिंगच्या कृत्रिम भिंतीवर चढायचा नाद त्यानंतरचा, तो पोरीमुळे लागला. तिला उन्हाळी शिबिराला घातलं होतं. ती दहा दिवसांत कंटाळली, सोडायला-आणायला जाणारा बाप मात्र भिंतीला चिकटला तो चिकटलाच.

या थंडीत दोन गोष्टी करायच्या आहेत.

पहिली, डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी गुंजवण्यातून राजगड, संजीवनी माचीवरून उतरून धारेने तोरणा आणि वेल्ह्यात खाली. पळत, म्हणजे जिथे पळता येईल तिथे पळत. गेल्या हिवाळ्यात हेच मित्रांबरोबर चालत केलं, तेव्हा घड्याळात २० किमीच्या आसपास अंतर आणि साधारण १४०० मीटर चढ दिसला होता. नेस्मिथचा जुना हिशेब लावला (हा स्कॉटलंडचा गिर्यारोहक, १८९२ साली त्याने नियम सांगितला: दर ५ किमीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास), तर ६ तास २० मिनिटं येतात. आम्हाला जेवण, फोटो आणि एकाचा तुटलेला बूट धरून दहा लागले होते. मला पाचात बसवायचंय.

दुसरी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात हंपी. नदीपलीकडे सणापूरच्या अंगाला एक धोंडा आहे, त्याचं खरं नाव वेगळं असेल, आम्ही त्याला 'म्हातारीचा गुडघा' म्हणतो. ६बी (चढाईच्या अवघडपणाची श्रेणी) आहे असं तिथल्या पोरांनी सांगितलं. साडेचार मीटर उंच. खाली दोन बारीक क्रिंप (बोटांची टोकंच मावतील अशा कडा), मग डावीकडे लांब हात टाकून एक गोल कड, मग माथा. मागच्या जानेवारीत चार दिवसांत अकरा वेळा पडलो. त्यातले सात वेळा पार वरून. दोन्ही तळहात माथ्यावर, छाती दगडाला घासतेय, पाय हवेत, आणि तिथून पुढे काही म्हणजे काही घडत नाही. अकराव्या वेळी मधल्या बोटाची कातडी फाटली आणि गाशा गुंडाळला.

बोटं कमी पडली हे माझं निदान. म्हणून घरी येऊन बेडरूमच्या दारावर हँगबोर्ड (बोटांनी लटकायची खाचांची फळी) ठोकला. जूनमध्ये त्याच्यावर लटकताना उजव्या अनामिकेत 'टक' आवाज आला. दीड महिना सगळं बंद. फिजिओच्या सांगण्यावरून ऑगस्टअखेर परत सुरुवात केली. आता मूठ पूर्ण वळते, पण बोटाच्या मुळाशी दाबलं तर अजून हुळहुळतं.

सध्याचा आठवडा असा: गुरुवारी सकाळी सिंहगड दोन फेऱ्या, संध्याकाळी हँगबोर्ड. शुक्रवारी कामावरून भिंत. रविवारी परत भिंत. मंगळवारी पहाटे कालव्याच्या कडेने दहा किमी. सोमवारी काहीच नाही, कारण सोमवारी मी जेवताना झोपतो.

एकामुळे दुसऱ्याचं नुकसान होतंय का? काय कमी करू? "दोन्ही कमी कर" हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो सोडून सांगा.


पेठेतले_काका:

दोन्ही डगरींवर हात म्हणतात तो हाच, तुमच्या बाबतीत अगदी शब्दशः. हंपी फेब्रुवारीअखेर ढकला, घाई काय आहे? आणि पाच तासांचं काय घेऊन बसलात. आम्ही ८७ साली पातेलं, गोधड्या आणि चार किलो कांदे-बटाटे घेऊन गेलो होतो, तीन दिवस लावले. संजीवनी माचीचे चिलखती बुरूज पळत पळत बघायची वस्तू आहे का?


भोरची_लेक:

काकांशी अर्धी सहमत. बुरूज बघाच, पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. फेब्रुवारीअखेरचं मात्र नको, तोपर्यंत तो ग्रॅनाइट तव्यासारखा तापतो.

फिटरदादा, तुमच्या नेस्मिथबाबाने चढ मोजला आणि उतार फुकटात धरला. तुम्हीही तेच करताय. अख्ख्या पोस्टमध्ये चढाचे आकडे आहेत, उताराबद्दल फक्त "खाली २५". ते २५ सुद्धा सिंहगडाच्या अशा वाटेवर, जिथला प्रत्येक दगड पाच वर्षांत तुमच्या तळव्यांना पाठ झालाय. इथे संजीवनीवरून धारेवर उतरायचं, धारेवर चढउतार, आणि सगळ्यात शेवटी, मांड्या संपलेल्या असताना, तोरण्यावरून वेल्ह्यात जवळजवळ ७०० मीटर खाली. पाच तास होणार की सात, हे त्या शेवटच्या तासावर ठरतं.

चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, आणि त्याचे बारीक धागे तुटतात ते तेव्हा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शौचालयात बसता येत नाही ते त्यामुळे. बरी गोष्ट अशी की एकदा असं दुखून गेलं की तोच स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला दाद देत नाही. म्हणून दुखणं आधी उरकून घ्या. नोव्हेंबरचे चार गुरुवार उताराला द्या. वर जाताना चाला, गप्पा मारा, चहा प्या. खाली या ते पळत, छोटी पावलं टाकत, नजर तीन पावलं पुढे. पायऱ्या सोडून जिथे मुरूम आणि घसारा आहे अशी वाट शोधा. शेवटचा जोरदार उतार मोहिमेच्या दोन आठवडे आधी, त्यानंतर पाय ताजे ठेवायचे.

माझी फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी हीच वाट पाच तास चाळीस मिनिटांत काढायच्या नादात मी तोरण्याच्या बिनी दरवाज्याच्या खाली येईपर्यंत गुडघे लटपटायला लागले. रेलिंगला धरून एकेक पाऊल बसत बसत टाकत होते. मागून डोक्यावर मोळी घेतलेली एक आजी आली, पायात स्लिपर. मला बघून थांबली आणि म्हणाली, "बाय, सरळ नगं, पाय आडवं टाक." आणि गेली पुढे. मी दहा हजारांचे बूट घालून तिच्या मागे आडवे पाय टाकत उतरले. अजून तसंच उतरते.

आता वाटेचं. सध्या, ऑक्टोबरात, धारेवर गवत कमरेएवढं आहे, वाट दिसत नाही आणि कुसळं मोज्यातून आत घुसतात. डिसेंबरात हेच गवत वाळून उताराच्या दिशेने झोपतं आणि त्याच्यावरून बूट असा सटकतो की बास. कुसळांसाठी जुन्या मोज्याचा पंजा कापून वरचा नळा बुटावर चढवा, पैसे वाचतात. ढोरवाटा जागोजागी फुटतात, शंका आली की धारेवर या. आग्या मोहोळांचा विचार करून अंगावर काहीही सुवासिक फवारू नका.

गुरुवार ही तुमची मोठी अडचण आहे. शनिवार-रविवारी धारेवर ताक, लिंबू सरबत घेऊन कोणीतरी बसलेलं असतं. गुरुवारी कोणी नसेल. पाय मुरगळला तर मागून येणारा माणूस शनिवारी येणार! राजगडावर आणि तोरण्यावर टाकी आहेत, पण मधल्या धारेवर पाण्याचा भरवसा धरू नका. भुतोंडे खिंडीत डांबरी रस्ता आडवा जातो, तिथे आदल्या गुरुवारी गाडीने जाऊन दोन बाटल्या लपवून या. घरच्या एका माणसाला तीन ठिकाणांहून फोन करायचा: संजीवनी, खिंड, तोरण्याची बुधला माची. फोन आला नाही तर किती वेळाने कोणाला कळवायचं, हेही आधीच लिहून द्या. खिंडीत साडेनऊनंतर पोचलात तर तोरणा नाही, मुकाट्याने रस्त्याने खाली. हे आज ठरवा. त्या दिवशी तुम्ही स्वतःचं ऐकणार नाही.

दिशा तुम्ही म्हणता तीच बरोबर. उलट केलं तर बुधल्याजवळचा कातळटप्पा उतरावा लागतो, आणि एकट्याने कातळ चढणं परवडलं, उतरणं नाही. सूर्य त्या दिवसांत सातच्या सुमाराला उगवतो, सव्वासहाला झुंजुमुंजू होताच निघा.


बेलापूरचा_खरखरीत:

ताईंनी पाय घेतले, मी हात घेतो.

दादा, तुमचंच वाक्य परत वाचा. "दोन्ही तळहात माथ्यावर, छाती दगडाला, पाय हवेत." सात वेळा. म्हणजे क्रिंप झाले, लांब हात झाला, गोल कडही झाली. बोटांचं काम संपलेलं होतं हो! तुम्ही पडलात मँटलवर. तिथे बोटं नाही, तळहात, दंडाची मागची बाजू आणि कंबर लागते. आणि तुम्ही घरी येऊन काय केलंत, तर बोटं तोडून घेतलीत.

मँटल म्हणजे पोहण्याच्या टाकीतून शिडी न वापरता काठावर चढणं. हात ओढायचे नाहीत, ढकलायचे. तळहाताची बोटं बाहेरच्या बाजूला वळवायची, कोपर वर आणून कुलूप लावायचं, आणि मग पाय उंच उचलून हाताच्या शेजारी ठेवायचा. तुमचा पाय तिथपर्यंत येतो का? जमिनीवर करून बघा. नसेल येत तर मांडीचा सांधा आखडलाय, तो रोज दहा मिनिटं मोकळा करा, पळण्यालाही उपयोग होईल. सरावाला छातीएवढी उंच कंपाउंडची भिंत पुरते. आठवड्यात दोनदा, प्रत्येक बाजूने पाच वेळा. प्लॅस्टिकच्या भिंतीवर आपण शेवटचा होल्ड धरून उडी मारतो, वर चढून उभं राहायची वेळच येत नाही. त्यामुळे भिंतीवरची माणसं दगडावर नेमकी इथेच अडकतात. मीही अडकलोय.

दुसरं, भीती. साडेचार मीटरवर तळहातावर वजन घेऊन उभं राहताना खाली एकच पॅड (पडायची जाड गादी) दिसत असेल तर कंबर आपोआप मागे राहते. तिथे पॅड भाड्याने मिळतात, तीन घ्या, आणि स्पॉटर (पडताना खालून सावरणारा) गप्पा मारणारा नको.

आता अनामिका. बोट वाकवल्यावर कंडरा हाडापासून सुटू नये म्हणून बोटात बारीक कडी असतात, त्यांना पुली म्हणतात. सायकलच्या ब्रेकची केबल फ्रेमला क्लिपांनी धरलेली असते ना, तसं. तुमची मुळाजवळची क्लिप ताणली गेली असणार, पण ते फिजिओने बघितलंय, मी नाही. स्नायू महिन्या-दोन महिन्यांत ताकद धरतो, कंडरा आणि पुलीला त्याच्या कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून स्नायू म्हणतो "अजून एक" आणि पुली म्हणते "टक".

तुमच्या आठवड्यातली खरी चूक गुरुवार संध्याकाळ ते शुक्रवार संध्याकाळ. दोन फेऱ्यांनी शिणलेल्या अंगाने हँगबोर्ड, आणि २४ तासांत परत भिंत. वर दिवसभर कानस, ती पकडही बोटांचीच. शुक्रवार काढून टाका. हँगबोर्ड गुरुवारीच ठेवा, पण सकाळी, गडावर जायच्या आधी, अंग गरम करून. २० मिमीची कड, अर्धा क्रिंप (बोटं मधल्या पेरात काटकोनात वाकवून पकड), अंगठा वर चढवायचा नाही, पाय स्टुलावर ठेवून वजन कमी करायचं. दहा सेकंद लटका, तीन मिनिटं बसा, असं सहा वेळा. हुळहुळणं वाढलं की त्या दिवशीचं दुकान बंद. मग रविवारी भिंत. बाकी बोटांना काही नाही.

कातडी: टूलरूममध्ये कूलंटमध्ये हात असतात ना? त्याने कातडी आधी मऊ पडते आणि मग भेगाळते. हंपीचा दगड म्हणजे खड्यांचा खरखरीत पत्रा, तो अशी कातडी दोन तासांत सोलतो. आतापासून ग्लोव्हज, रात्री साधं व्हॅसलीन, आणि घट्ट्यांच्या उभ्या कडा एमरीने सपाट करायच्या. एमरी तुमच्याकडे फुकट आहे, मला विकत घ्यावी लागते.

२०१६ ला नवी मुंबईत बोल्डरिंगचा (दोराशिवाय कमी उंचीवरच्या चढाईचा) वर्ल्ड कप झाला तेव्हा मी प्रेक्षकांत पुढे घुसून बसलो होतो. ताकद सगळ्यांनाच होती. मला लक्षात राहिलं ते वेगळंच: घड्याळ चालू असताना ती माणसं पडल्यावर भिंतीकडे पाठ करून चक्क बसायची. आपण पडलो की लगेच उठून परत. म्हणून म्हातारीच्या गुडघ्याला पहिल्या सकाळी ऊन यायच्या आत चार प्रयत्न, मध्ये दहा-दहा मिनिटं. पाचवा नाही. अकरा तर नाहीच.


पेठेतले_काका:

फेब्रुवारीचा सल्ला मागे. कांदे-बटाट्यांचा नाही.


धायरीचा_फिटर:

ताई, खरखरीत, तुम्ही दोघांनी मिळून एकच शिवी दिलीत, फक्त वेगवेगळ्या शब्दांत. चढ आवडतो म्हणून चढ केला, लटकायला आवडतं म्हणून लटकलो. जॉबमध्ये असं केलं असतं तर सुपरवायझरने व्हर्नियर फेकून मारला असता. मोजायचं एकीकडे आणि घासायचं दुसरीकडे.

शुक्रवार काढला. बाकी तीन आठवड्यांनी कळवतो.


धायरीचा_फिटर:

तीनाचे पाच आठवडे झाले, माफी.

पहिल्या गुरुवारी उतार केला, मस्त वाटलं, शुक्रवारी जरा जड, शनिवारी शॉपवर खाली पडलेली ॲलन की उचलायला वाकलो तो टेबलाला धरून वर आलो. दुसऱ्या गुरुवारनंतर निम्मं दुखलं. काल चौथा, आज काहीच नाही. खाली यायला २५ च लागतात, पण आता खाली आल्यावर परत वर जावंसं वाटतं, हे नवीन आहे. आडवे पायही टाकून बघितले. आजीला नमस्कार.

पाय हाताच्या शेजारी येत नव्हता, वीतभर खाली राहायचा. आता चार बोटं राहतो. कंपाउंडवर रात्री साडेनऊला सराव करत होतो तेव्हा शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनने बॅटरी मारली आणि विचारलं, "साहेब, किल्ली विसरलात का?" आता ओळख झालीये, तो मोजतो. डावीकडून पाच होतात, उजवीकडून तीन. बोट शांत आहे. पंधरा दिवसांपूर्वी एका संध्याकाळी हुळहुळलं, त्या दिवशी चौथ्यालाच दुकान बंद केलं आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

पाण्याची रंगीत तालीमही केली. दोन गुरुवारांपूर्वी सिंहगड उरकून दुपारी गाडीने खिंडीत जाऊन एक-एक लिटरच्या दोन बाटल्या कारवीच्या बुंध्यात ठेवल्या, वर गवत टाकलं. काल परत जाऊन बघितलं. एक जागेवर. दुसरी वीस फुटांवर, टोपणावर दातांचे ठसे, आत थेंब नाही. तर आता पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात बाटल्या, आणि डब्यावर उचलायला मलाच जड जाईल असा धोंडा.

हुबळीपर्यंतची तिकिटं काढली, पुढे होसपेटला जसं मिळेल तसं. पोरगी म्हणते तीही येणार, स्पॉटर म्हणून. ती गप्पा मारते, पण बघू.

एकच अडलंय. गाडी गुंजवण्यात लावणार, म्हणजे वेल्ह्यात उतरल्यावर मार्गासनीपर्यंत आणि तिथून परत गुंजवण्यात यायचंय. गुरुवारी दुपारी बाराच्या पुढे त्या बाजूला वडाप असतं का, की एसटीचीच वाट बघायची?